पिंजाऱ्याची चितरी

मी चितरी बोलतेय. रिसोडच्या फय्याज पिंजाऱ्याच्या अंगणातली बकरी. उभ्याउभ्याच बोलते, राग मानू नका. पाय दुमडून, शांत बसून काही सांगावं हा माझा स्वभावच नाही. दावं जेवढं लांब तेवढ्यात मी दिवसभर येरझाऱ्या घालते. एक पान इथलं, एक तिथलं. माझं सांगणंही तसंच होईल.

आधी एक गैरसमज दूर करते. बकरी काहीही खाते, असं तुम्ही म्हणता. कधी नीट बघितलंय? गाईसमोर चारा टाकला की ती मान खाली घालते. आम्ही आधी वास घेतो. मग ओठाच्या टोकानं पान हलवून बघतो. मातीत पडलेलं, दुसऱ्याचं तोंड लागलेलं आम्हाला चालत नाही. मागच्या पायांवर उभं राहून आम्ही झाडाचा शेंडा ओढतो, तो हावरेपणा नसतो. खालचा पाला पसंत नसतो म्हणून आम्ही वर बघतो. ही गोष्ट ज्या बाईच्या ध्यानात आली, तिचीच हकीकत मला सांगायची आहे.

माझा जन्म रिसोडजवळच्या एका तांड्यावर झाला, धनीबाईच्या झोपडीमागं. धनीबाई म्हणजे उंच, हाडापेरानं मोठी बाई, कोपरापर्यंत बांगड्या. मी बोराटीच्या काट्यांत तोंड घालून वाढले. अंगावर काळे-पांढरे ठिपके, म्हणून नाव चितरी.

मी पहिल्यांदा व्याले त्या वर्षी मानमोडीचा ताप आला. गावंच्या गावं आडवी झाली. एका दुपारी फय्याज पिंजारी तांड्यावर आला. एरवी तो गाद्या-रजयांचा कापूस पिंजायला यायचा, खांद्यावर पिंजण घेऊन. त्या दिवशी हात मोकळे होते. बायकोला माती देऊन आला होता. घरी तीन वर्षांची पोरगी तापातून उठली होती, पण अंगात जीव उरला नव्हता.

"धनीबाई, दुधाची बकरी पाह्यजे. आजच्या आज," तो म्हणाला.

धनीबाईनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि माझं दावं सोडलं.

फय्याजचं घर म्हणजे दोन खोल्या, अंगणात एक कडुनिंब, आणि जिकडे तिकडे कापूस. भिंतीला कापूस, चुलीजवळ कापूस, माझ्या शिंगांना कापूस. फय्याज पिंजण चालवू लागला की तिच्या ताणलेल्या तातीचा टणत्कार व्हायचा आणि प्रत्येक टणत्काराला मी उडी मारायचे. त्या आवाजाची सवय व्हायला मला फार दिवस लागले.

पोरीचं नाव जैतुन. तिची दादी अमीनाबी कापसाचा बोळा माझ्या दुधात बुडवून तिच्या ओठांवर पिळायची. असं करत करत पोरगी जगली. माझ्याच दुधानं जगली, असं अमीनाबी येणाऱ्या-जाणाऱ्याला शपथेवर सांगे. मी काही फार केलं नव्हतं. मी नुसती हलत होते आणि ती मला शिव्या देत धार काढत होती.

पण त्या दुखण्यानं पोरीचं तोंड जणू बंदच करून टाकलं. दूध, आणि दुधात भिजवलेला भाकरीचा मऊ पापुद्रा. बस. दुसरं काही नाही. रंग असलेलं नको, वास असलेलं नको, दाताखाली वाजणारं नको. वाटीच्या काठाला वरणाचा थेंब लागला तरी ती वाटी लोटून द्यायची. दोन वर्षं अशीच गेली; दूध आटू नये म्हणून अमीनाबी मला बोकडाजवळ जाऊ देत नव्हती. बरोबरीच्या पोरी गल्लीत पळायच्या. ही थोडं पळायची आणि धापा टाकत माझ्याजवळ येऊन बसायची. केस भुरे झाले होते, पाय काटक्यांसारखे.

अमीनाबी हातावर हात ठेवून बसली होती असं नाही. आधी लाडीगोडी. "हा घास अब्बाचा, हा दादीचा, हा चितरीचा." पोरगी तोंड उघडेना, की अमीनाबी तिचं नाक दाबायची. तोंड उघडलं की घास आत. मग पोरगी सगळं ओकायची, सकाळचं दूधसुद्धा. मग अमीनाबी रडायची आणि माझ्याकडे वाटी घेऊन यायची. रोजचा हा तमाशा बघून माझे खूर आपोआप जमीन उकरू लागायचे.

अशात फय्याजनं दुसरा निकाह केला. हुस्नाबानो कामरगावची. सावळी, कमी बोलणारी, काम करताना ओठ आत घेणारी. तिनं आल्या दिवशी पोरीच्या केसांवरून हात फिरवला. पोरगी माझ्या पोटाखाली शिरली. गल्लीतल्या बाया भिंतीवरून बघतच होत्या.

थोड्याच दिवसांत हुस्नानं जैतुनच्या वाटीशेजारी वांग्याची एक फोड ठेवली. नुसती ठेवली. पोरीनं असा टाहो फोडला की मीही दावं ताणलं.

"काहून वं अमीनाबी, पोट्टी काहून रडून राह्यली?" भिंतीपलीकडून आवाज आला. "नवी उपाशी ठेवते का काय तिले?"

अमीनाबीनं वाटी उचलली. आवाज चढवला नाही, पण एकेक शब्द मोजून म्हणाली, "हे पाय हुस्ना, घरातलं सारं तुयं. पण पोट्टीच्या खाण्यात हात घालू नको. थे माया हाती राहू दे."

हुस्ना "जी अम्मा" म्हणाली. काय करणार? सावत्र आईनं भरवलं तर मारून भरवलं म्हणतील, नाही भरवलं तर उपाशी ठेवलं म्हणतील. तिच्याकडे चूल आली, झाडू आला, आणि मी आले.

उन्हाळा लागला. बोराटी सुकली, रानात ओलं पान उरलं नाही. हुस्नानं माझ्यासमोर तुरीचं कुटार, मळणीतला सुका भुसा, टाकलं. मी वास घेतला आणि मान फिरवली. तिनं पाणी शिंपडलं. मी पाठ केली. तिनं माझी मान धरून तोंड टोपल्यात दाबलं. मी शिंगानं टोपलंच उलथवलं. दूध निम्म्यावर आलं आणि घरात कल्ला झाला. बकरीचं दूध आटलं तर पोरगी जगणार कशी?

बाजाराच्या दिवशी धनीबाई दारावरून चालली होती. हुस्नानं तिला थांबवलं. धनीबाईनं मला बघितलं, कुटार बघितलं आणि हसली.

"बाई, हे कुटार तिच्या ओळखीचं नाई. अनोळखी माणसाच्या हातचं तू खाशीन का?"

"मंग काय करू मी?"

"तिच्या आवडीचा पाला वर टांग. थोडासाच. कुटार बाजूले ठेव. थे वास घेईन न् मांगं सरकीन. सरकू दे. उद्या परत ठेव. लोटू नको, मान धरू नको. तू तिथंच बस, आपलं काम कर. पण तिच्या तोंडाकडे पाहू नको."

"तोंडाकडे काहून नाई पाहू?"

"टक लावून पाह्यलं का जनावराले वाटते, याच्यात काईतरी खोट हाय."

हुस्नानं तसंच केलं. ती माझ्याजवळ बसून कापसातली सरकी वेचायची आणि माझ्याकडे बघायची नाही. मला तर चैनच पडेना. ही बघत का नाही? टोपल्यात आहे तरी काय? मी वास घ्यायचे, मागे सरायचे, पुन्हा जायचे. एका दुपारी पाला संपलेला होता आणि कुटाराचा वास मला घरच्यासारखा वाटला. मी खाल्लं. वाईट नव्हतं.

हुस्नानं तेव्हा मान वर केली. पण ती माझ्याकडे बघत नव्हती. निंबाखाली पाय पसरून बसलेल्या जैतुनकडे बघत होती.

त्या दिवसापासून हुस्ना आपली भाकर घेऊन माझ्याजवळ येऊन जेवू लागली. जैतुन तिथंच असायची, कारण मी तिथं असायचे. हुस्नानं तिला कधी "खा" म्हटलं नाही, घास पुढे केला नाही. तिला तर मनाईच होती. ती आपली जेवायची. मुगाचं वरण, मिरचीचा ठेचा, कांदा. पोरगी नाक मुरडून लांब सरकायची. मग हळूहळू सरकेनाशी झाली.

पाऊसपाणी झालं, शिवार हिरवं झालं. रानात नजर चुकवून एक बोकड भेटला होता, मी पुन्हा गाभण होते. दूध कमी होत चाललं होतं. गाभण बकरीचं तसंच असतं. आणखी काही दिवसांनी पार आटणार, हे हुस्नाला ठाऊक होतं आणि अमीनाबीलाही. अमीनाबी घाबरून दुधात पाणी घालू लागली. पोरगी ओठ लावायची आणि वाटी ठेवून द्यायची. तिच्या डोळ्यांखाली काळं दिसू लागलं. घरात कोणी मोठ्यानं बोलेना. फय्याजच्या तातीचा सूरसुद्धा मला बिघडलेला वाटायचा.

एका सकाळी हुस्ना अंगणात सुपात अंबाडी निवडत बसली होती. जैतुननं एक पान उचललं. आजवर तिनं कुठल्या भाजीला बोट लावलेलं मी पाहिलं नव्हतं. ते पान तिनं माझ्या तोंडाशी धरलं. मी खाल्लं. आंबट! माझा वरचा ओठ आपोआप वर गेला, दात उघडे पडले. पोरगी खदखदा हसली. तिनं दुसरं पान दिलं, तिसरं दिलं. पान चुरगळून तिची बोटं ओली झाली होती. तिनं एक बोट चाटलं.

"आंबट हाय," ती म्हणाली.

"हो, आंबट हाय," हुस्ना म्हणाली आणि निवडतच राहिली. एकच पान तिनं दोनदा निवडलं. पण तिनं मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी पोरीनं पान चावलं आणि थुंकलं. हुस्नाकडे चोरून पाहिलं. आता दादीसारखी ही ओरडणार!

"नाई आवडलं तर निंबाच्या बुडाशी थुकजो," हुस्ना म्हणाली, "तिथं माती हाय."

थुंकायची मुभा मिळाल्यावर पोरगी धीट झाली. चावायची, तोंड वेडंवाकडं करायची, थुंकायची. पुन्हा चावायची. थुंकायला जाताजाता कधीतरी थोडं आतही जात होतं. तिला कळत होतं की नाही, कोण जाणे. हुस्ना मग शिजलेल्या भाजीचा गंज, ते छोटं पातेलं, आमच्यापाशी ठेवू लागली. कण्या घातलेली, लसणाच्या फोडणीची अंबाडी. पोरगी त्यात बोट बुडवायची, बोट चाटायची, बोट माझ्या अंगाला पुसायची. माझ्या पाठीवरचे पांढरे ठिपके पिवळे झाले होते.

हे फार दिवस चाललं नाही. एका दुपारी अमीनाबी शेजारून लवकर परतली. तिनं बघितलं ते असं: मी अंबाडीची काडी चघळतेय, माझ्या गळ्याला गळा लावून जैतुन बसलीय, तिच्या तोंडात कच्चं हिरवं पान आणि हनुवटीवर हिरवा रस.

"या अल्ला! मायी पोट्टी बकरीसंग पाला चरून राह्यली!"

भिंतीवर डोकी उगवली. अमीनाबीनं पोरीच्या तोंडात बोट घालून पान काढलं. पोरगी रडू लागली. हुस्ना चुलीपासून धावत आली.

"अम्मा, अंबाडी हाय थे. आपणच खातो."

"दूध आटलं म्हून जनावराचा चारा देतेस तिले?" अमीनाबीचा आवाज फाटला होता. "तुया पोटची असती तर देल्ला असता?"

हुस्ना वाकून सांडलेली पानं वेचू लागली. मी दाव्याला हिसके देत होते. बकरीच्या ओरडण्याचा अर्थ कोण लावतो!

दुसऱ्या गावी पिंजायला गेलेला फय्याज तिन्हीसांजेला परत आला. त्याला आधी आईनं सांगितलं, मग भिंतीवरच्या बायांनी. तो वाईट माणूस नव्हता, थकलेला होता. हुस्नासमोर जाऊन बसला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "काई दिवस कामरगावले जाऊन ये. तुया मायकडे. अम्माचा जीव थाऱ्यावर येऊ दे."

"जी," हुस्ना म्हणाली.

सकाळी गाडी सांगितली होती. हुस्नानं गाठोडं बांधलं. जायच्या आधी स्वयंपाक करून ठेवावा म्हणून ती चुलीपाशी बसली. निवडलेली अंबाडी होती, तीच तिनं शिजवली. लसणाचा वास अंगणभर पसरला.

अमीनाबी धार काढायला माझ्यापाशी आली. मी तरी काय देणार! वाटीचा तळ जेमतेम झाकला. तिनं पाणी ओतलं आणि वाटी जैतुनच्या हातात दिली. पोरीनं ओठ लावला.

"याच्यात पाणी हाय."

"पी ना वं माय," अमीनाबी म्हणाली. या वेळी तिनं नाक दाबलं नाही. ती खालीच बसली, पदर तोंडाशी घेतला. "पी ना. मी कोठून आणू आता?"

जैतुननं वाटी जमिनीवर ठेवली.

"आंबट दे," ती म्हणाली.

"काय?"

"आंबट. तिच्या गंजातलं."

अमीनाबी पोरीकडे बघतच राहिली. दुखण्यानंतर या लेकरानं आपण होऊन खायला काही मागितलं नव्हतं. ती गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि चुलीच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली.

"हुस्ना. थे आंबट काय हाय... थे दे वं तिले."

हुस्नानं भाकरीचा एक तुकडा घेतला, त्यावर बोटभर भाजी ठेवली आणि बाहेर येऊन तो वाटीच्या काठावर ठेवला. मग पाठ वळवून ती आपल्या ओढणीची घडी घालू लागली. अमीनाबी मात्र वाकून पोरीच्या तोंडात शिरायचीच बाकी होती.

"अम्मा," हुस्ना हळूच म्हणाली, "तिच्या तोंडाकडे पाहू नका."

दुसरी वेळ असती तर अमीनाबीनं घर डोक्यावर घेतलं असतं. त्या सकाळी तिनं मुकाट्यानं भिंतीकडे तोंड केलं. फय्याज दारातून आत येत होता. त्यालाही तिनं खूण केली आणि तोही वळला. तिघं तीन दिशांना तोंडं करून उभे होते आणि एका पोरीच्या चावण्याचा आवाज ऐकत होते. मी मात्र बघत होते. मला कोणी मना केलं नव्हतं.

पोरीनं तुकडा तोंडात टाकला. डोळे मिचकावले, खांदे आक्रसले. गाल या बाजूनं फुगला, त्या बाजूनं फुगला. आणि गिळला.

"अजून," ती म्हणाली.

बाहेर गाडीवाल्यानं हाक दिली. फय्याज गेला आणि गाडी परत पाठवून आला. गाठोडं कोणी सोडलं ते मला दिसलं नाही. दुपारी हुस्नाची ओढणी दोरीवर वाळत होती एवढं पाहिलं.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं समजू नका. पोरगी आठ दिवस नुसती अंबाडी मागायची, मग एकदम अंबाडीही नको झाली. हुस्ना डगमगली नाही. अंबाडीशेजारी चिवळीची भाजी आली, चिवळीशेजारी मुगाचं वरण. काही थुंकलं गेलं, काही माझ्या वाट्याला आलं, काही राहिलं. बोरं तिनं हसत खाल्ली, हरभऱ्याचा हिरवा घाटा स्वतः सोलून खाल्ला. वांगं नाहीच. वांग्याचं नाव काढलं की अजूनही ती दात घट्ट मिटते, आणि हुस्ना म्हणते, राहू द्या, सारंच कोण खाते? अमीनाबी मधूनच विसरायची, घास घेऊन पोरीच्या मागं धावायची, मग अर्ध्यावर थबकून तो घास स्वतःच खायची. पोरीच्या पिंडऱ्या भरल्या. ती गल्लीत पळायला जाऊ लागली आणि माझ्याजवळ बसणं कमी झालं.

मी व्याले. एक करडू गेलं, एक जगलं. कास पुन्हा भरली, पण आता वाटी घेऊन कोणी धावत येत नव्हतं. दूध चहाला लागायचं, शेजारी जायचं.

आणि एक दिवस धनीबाई आली. नेहमीसारखी हसली नाही. तिची सून रुपाबाई बाळंत झाली होती, अंगात ताप मुरला होता, छातीला दूध नव्हतं. नातू रडून रडून निळा पडत होता. तांड्यावरच्या बकऱ्या त्या साली रोगानं गेल्या होत्या.

"चितरी देता का मले?" ती म्हणाली. "लेकरू सावरेपर्यंत."

हुस्ना अंगण झाडत होती. ती सासूकडे बघू लागली. या घरात माझ्याबद्दल बोलायचा हक्क अमीनाबीचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. अमीनाबी उठली. माझ्या पाठीवरून हात फिरवला. मग भिंतीपलीकडच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"घेऊन जाय, बाई. आमची पोट्टी आता भाकर खाते, भाजी खाते. तिच्या मायनं शिकवलं तिले."

नवीनं नाही, सावत्रनं नाही. मायनं. हुस्नाच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.

तर मी आता पुन्हा तांड्यावर आहे. इथं बोराटी आहे, मोकळं रान आहे, आणि झोळीत एक काळंसावळं पोरगं आहे जे माझ्या दुधावर गुटगुटीत होत चाललंय. तरी माझं मन एका जागी ठरत नाही. चरताचरता मान रिसोडच्या वाटेकडे वळते. उद्या यालाही दात येतील, हेही तोंड फिरवेल, आणि धनीबाईचा हात त्याच्या नाकाकडे जाईल की काय, याची मला आतापासून धास्ती आहे. मायांनो, आज्यांनो, बकरीचं एवढं ऐका. ठेवा, आणि थांबा. जवळ बसा, स्वतः चवीनं खा. थुंकलं तर थुंकू द्या. लेकराचं तोंड हे दार आहे, त्याची कडी आतून असते.

निघते. पण थांबा, निघताना काय झालं ते राहिलंच. धनीबाईनं माझं दावं हातात घेतलं तेव्हा जैतुन आत जेवत होती. मी जिवाच्या आकांतानं ओरडले. गल्लीचं वळण आलं, तेव्हा मागून पायांचा आवाज आला. ती पळत येत होती, हातात अर्धी भाकर, दोन्ही गाल फुगलेले, हनुवटीला भाजी लागलेली. ती माझ्यासमोर उभी राहिली, माझं नाव घ्यायला गेली, आणि तिला ते घेताच येईना. तोंडात मावत नव्हता एवढा घास होता.

मी वाट बघत उभी राहिले. पहिल्यांदाच, अगदी न हलता. ती सावकाश चावत होती.